सगळं आत

"काका, तुमचं भरती-ओहोटीचं नवं ॲप चौपट जड झालंय," मी आजगावकरकाकांना फोनवर म्हटलं.

आमच्या बंदरातल्या कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम जगात मूठभर लोक वापरतात. तिच्या सगळ्या लायब्ऱ्या, म्हणजे ॲपना लागणारे कोडचे तयार तुकडे, काकांच्या सर्व्हरवर. ॲप लागेल ती तिथून उचलतं. ॲपमध्येच लायब्ऱ्या कोंबणाऱ्यांना काका वर्षानुवर्षं झाडत आलेत. मलाही झाडलंय.

"या वेळी मीच सगळ्या आत भरल्यात. आता सर्व्हर लागणार नाही."

"पण सर्व्हर आहे की."

"तो माझ्या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारी. उद्या ऑपरेशनसाठी दाखल होतोय. किल्ली शेजारच्या पोंक्षेबाईंकडे देईन."

"त्यांना मेन स्विच बंद करू नका म्हणावं."

"मी परत येईपर्यंत करू नका, असं सांगितलंय," काका म्हणाले. "तू ॲप आजच टाकून बघ. आत काही भरायचं राहिलं असेल, तर आज सांग."