काजळपंखाची पारख

दंतवैद्याने मूर्तीला लगेच हात लावला नाही. आधी रुमाल काढून बोटं पुसली, मग टेबलाभोवती एक सावकाश फेरी मारली. थोरली खुर्चीच्या कडेवर बसून त्याच्याकडे बघत होती. तिचा जीव टांगणीला लागला होता.

टेबलावर काजळपंख होता. एक गुडघा टेकलेला, काळेभोर पंख अर्धे मिटलेले, नजर वर, आत्ता झेप घेईल असा. ज्याच्या चित्रकथांवर एक अख्खी पिढी वाढली, तो हा नायक. त्याच्या अशा मूर्ती मोजक्याच घडवल्या गेल्या आणि नकलांचा मात्र सुळसुळाट झाला. म्हणून तर पारख करणारा माणूस बोलवावा लागत होता.

हा पाचवा. आधीचे चौघेही काजळपंखाचे असेच वेडे होते. चौघांनीही मूर्ती अस्सल असल्याचं सांगितलं, तोंडभर कौतुक केलं. थोरलीने त्यांना चहा पाजला, वाटेला लावलं आणि पुढच्याला फोन केला.

"मूर्ती आहे का पेशंट?" धाकटा भाऊ सकाळीच म्हणाला होता. "अजून किती जणांची मतं घेणार आहेस?"

"मनासारखं मिळेपर्यंत."

आता तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याची नजर दंतवैद्याच्या हातांवरून हलत नव्हती.

"घर सापडायला त्रास नाही ना झाला, डॉक्टर?" थोरलीने विचारलं.

"छे, सरळ आलो."

जिना मागच्या गल्लीत होता. नवखा माणूस हमखास चुके आणि कोपऱ्यावरून फोन करी. थोरलीने नुसती मान हलवली.

दंतवैद्याने पिशवीतून दात तपासायचा छोटा आरसा आणि बारीक टॉर्च काढला. पंखांच्या आतल्या बाजूला आरसा सरकवून तो वाकून बघू लागला. साच्याची रेघ कुठे राहिली आहे का, रंग थरावर थर चढवलाय की एकदाच फवारलाय, डोळ्यांतली चमक ब्रशची आहे की छापाची. तो स्वतःशीच पुटपुटत होता. मूर्ती उचलून चबुतऱ्याखालचा शिक्का पाहताना त्याचे हात इतके हळुवार झाले, की जणू झोपलेलं तान्हं मूल उचलतोय.

"शाळेत असताना मी खाऊचे पैसे याच्या पुस्तकांवर उडवायचो," तो हसून म्हणाला. "आईच्या हातचे धपाटे खाल्लेत याच्यापायी."

"बाबाही तसेच होते," थोरली म्हणाली. "पन्नाशी उलटली तरी वेड गेलं नाही. गेल्या वर्षी जिन्यावरून पडले आणि त्यातच गेले."

"कानावर आलं होतं. फार वाईट झालं."

"तुमची ओळख होती?"

"नाही हो. आमच्या मंडळात नाव निघायचं त्यांचं. भेटीचा योग काही आला नाही."

"ही मूर्ती तरी आधी कुठे पाहिली होतीत का? अस्सल, म्हणजे."

"एकदाच. एका प्रदर्शनात, काचेआड." त्याने टॉर्च बंद केला. डाव्या पंखाच्या घडीत बोट घातलं आणि टोकापर्यंत हलकेच फिरवत नेलं. पुन्हा एकदा नेलं. मग मूर्ती खाली ठेवली आणि खुर्चीत बसून सुस्कारा सोडला.

"ताई, मन घट्ट करा. ही नक्कल आहे."

थोरलीने पदराचं टोक मुठीत आवळलं.

"उत्तम नक्कल आहे," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "भलेभले फसतील. विकायला नेलीत तर लोक हसतील मात्र. हवं तर मी माझ्याकडे ठेवतो, अभ्यासाला होईल."

"वा," दारातून धाकटा म्हणाला. "चौघे जाणकार अस्सल म्हणून गेले, आणि तुम्हालाच तेवढी खोटी दिसली. मूर्ती तुमच्याकडे ठेवायचं मात्र बरं सुचलं."

दंतवैद्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मला तुमच्या मूर्तीचा लोभ नाही. ते चौघे डोळ्यांनी बघणारे. डोळे फसतात. माझं सगळं आयुष्य बोटांवर चाललंय."

"मग सांगा की बोटांना काय कळलं," थोरली म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "मला खात्री हवी आहे, डॉक्टर. तुमच्या शब्दावर मी कायमची गप्प बसेन."

तो क्षणभर घुटमळला. मग पारख्याचा तोरा त्याच्यावर मात करून गेला.

"डाव्या पंखाच्या घडीत, टोकापासून बोटभर आत एक सांधा असतो. वरून रंग इतका बेमालूम चढवलेला, की दिसणार नाही. बोट फिरवलं तरच लागतो. मूर्तिकाराने टोक वेगळं घडवून जोडलं असणार. इथे बघा, सलग गुळगुळीत. सांधा नाही, म्हणजे अस्सल नाही."

"सगळ्या अस्सल मूर्तींना असतो?"

"सगळ्या."

धाकट्याने मागे हात नेऊन दाराची कडी सरकवली आणि खिशातून फोन काढला. दंतवैद्याने एकदा त्याच्याकडे, एकदा थोरलीकडे पाहिलं.

थोरली उठली. तिचा आवाज आता कापत नव्हता.

"ही मूर्ती अस्सल आहे, डॉक्टर, पण आमची नाही, आम्ही ती मागून आणली आहे. सांधा फक्त बाबांच्या मूर्तीला होता. लहानपणी माझ्या हातून पंख तुटला आणि बाबांनी तो जोडला. आणि बाबांची मूर्ती, ते जिन्यावरून पडले त्या दिवसापासून घरात नाही."