चढती रेघ

डॉक्टरांनी ह्यांच्याच मोबाईलवर लेकीच्या साखरेची रेघ दाखवली. दंडावरचा सेन्सर साखर मोजतो, पोटावरचा पंप इन्सुलिन सोडतो, तरी ती रोज संध्याकाळी चढतच होती. “आजी चोरून गोड भरवते,” हे तिथेच कडाडले. सासूबाईंनी मान खाली घातली. डॉक्टर म्हणाले, “साखर भीतीनेही चढते. मागच्या आठवड्यात मात्र रेघ सपाट आहे. तेव्हा घरात काय वेगळं होतं?” मला ठाऊक होतं, मी पर्सच्या चेनशी चाळा करत राहिले. लेकच पुटपुटली, “बाबा बाहेरगावी होते.” दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली गाडी वाजली. आतल्या खोलीतलं लेकीचं गुणगुणणं थांबलं. पण हे वर येईनात. दार उघडलं, तर जिन्यात बसलेले, मुठीत किल्ली, नजर मोबाईलवर. “रेघ खाली येऊ दे,” म्हणाले, “मग येतो.”