हसरा फोटो

"आईचा एक तरी हसरा फोटो दे ना, बाबा," शेजारी बसलेली लेक काकुळतीला येऊन म्हणाली.

माझी बायको जाऊन महिना झाला होता. हिच्या फोटोंच्या सगळ्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातल्या कच्च्या फाइली मी कॉम्प्युटरवर एकदम कन्व्हर्टला लावल्या होत्या. एकेक फोटो स्क्रीनवर येत होता. आधी क्षणभर धूसर झलक, तिच्यात ही हसरी. फोटो स्पष्ट झाला, की हसू गायब.

प्रत्येक फोटोत हिची नजर जरा सरकत होती. विसाव्या फोटोत ती नजर लेकीवर येऊन थांबली.

"ऊठ तिथून!" मी ओरडलो. लेक डावीकडच्या खुर्चीत आली. पुढच्या फोटोत नजरही डावीकडे.

मी बटणं बडवली. कॉम्प्युटर थांबेना.

शेवटचा फोटो स्पष्ट झाला. ही अगदी तृप्त हसत होती.

मी डावीकडे हात नेला. रिकामी खुर्ची अजून कोमट होती.