सव्विसावा आठवडा

"परत आलाय," रुचिरा म्हणाली आणि रिपोर्ट नितेशच्या पुढे सरकवला. पंचवीस आठवडे ज्या रकान्यात 'आढळला नाही' असं छापून येत होतं, तिथे आज आकडा होता.

नितेशने तो वाचला आणि कागदावर हात ठेवून बसून राहिला. शेजारच्या खुर्चीत त्याची बायको अनुपमा रडायला लागली.

रुचिरा अंधेरीच्या त्या संशोधन केंद्रात समुपदेशक होती. रडणारी माणसं तिला नवीन नव्हती. "आजपासून गोळ्या परत सुरू," ती म्हणाली. "महिन्या-दोन महिन्यांत व्हायरस पुन्हा दबेल. नितेश, तुमचं काही चुकलेलं नाही. असं होऊ शकतं, हे आपण पहिल्याच दिवशी बोललो होतो."

बोलले होते खरं. एचआयव्ही शरीरातून कायमचा घालवता येईल का, हे शोधणारी ती चाचणी होती. तीन इंजेक्शनं, मग रोजच्या गोळ्या बंद आणि दर आठवड्याला रक्ततपासणी. "यात तुमचा फायदा होईलच असं नाही, झाला तर पुढच्यांचा," असं डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं. नितेश लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला होता. "कुणाला तरी आधी शाफ्टमध्ये उतरावंच लागतं, सर," असं म्हणून त्याने सही केली होती.

नऊ वर्षांपूर्वी सांताक्रूझच्या एका हॉलमध्ये एचआयव्ही असलेल्यांचा वधू-वर मेळावा भरला होता. तिथे दोघं भेटली. अनुपमाचा पहिला नवरा याच आजाराने गेला होता आणि सासरच्यांनी त्याचं दिवसकार्य झाल्यावर दोन आठवड्यांत तिला बाहेर काढलं होतं. नितेशला मेळाव्याला घेऊन आली होती त्याची आई. "दोघांकय एकच दुखणा," ती म्हणाली होती. "कोण कोणाक नावा ठेवतलो?" आणि तिथल्या तिथे लग्न ठरवून टाकलं होतं.

वाईट बाई नव्हती ती. दहिसरच्या त्या दोन खोल्यांत नऊ वर्षांत तिने कुणाचंही ताट वेगळं ठेवलं नाही. सकाळी चहाच्या आधी दोघांच्या गोळ्या तीच काढून द्यायची. अनुपमाला ताप आला तर उशाशी बसायची.

गोळ्या बंद झाल्यावर पहिले तीन महिने ती रोज देवापुढे बसून नितेशच्या रिपोर्टची वाट बघायची. चौथ्या महिन्यात तिने शेजारणीला सांगितलं, झील बरो झालो माझो. मुलगा बरा झाला, असं डॉक्टर म्हणाले नव्हते. पाचव्या महिन्यात मांडणीवर एक नवा स्टीलचा ग्लास आला. त्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. "ह्यो तुझो," सासू अनुपमाकडे न बघता म्हणाली.

अनुपमाच्या गोळ्या चालू होत्या. तिच्याकडून नितेशला काही होणार नाही, हे डॉक्टरांनी सासूला समोर बसवून सांगितलं होतं. ग्लासामुळे तर कुणालाच काही होत नाही, हे तिला नऊ वर्षं ठाऊक होतं. तरीही अनुपमा त्या ग्लासातून पाणी प्यायली. गेल्या आठवड्यात सासूने भाजी निवडता निवडता विषय काढला. "तू जरा माहेराक जावन ये. ऱ्हव थंय थोडे दिवस." अनुपमाच्या माहेरी आता फक्त भाऊ होता आणि त्याने तिच्याशी बोलणं कधीच टाकलं होतं. सासूला तेही ठाऊक होतं.

यातलं काहीच अनुपमाने नितेशच्या कानावर घातलं नाही. कित्येक वर्षांनी तो आंघोळ करताना गुणगुणत होता. दर आठवड्याला रक्त देऊन आला की लहान मुलासारखा रिपोर्ट दाखवायचा. तीही हसायची, पेढा आणायची आणि पुढच्या रिपोर्टची तारीख जवळ आली की तिला रात्रभर झोप लागायची नाही.

"ताई, रडू नका," रुचिरा म्हणाली. "नितेशना काही धोका नाही."

"दुःखाने नाही रडत मी, मॅडम." अनुपमाने पदराने तोंड पुसलं. "परत आला ना, तर मला बरं वाटलं. कसली बाई आहे मी!"

रुचिराचा हात लिहिता लिहिता थांबला. समोरच्या फायलीत नितेशचा ताप, नितेशची भूक, नितेशची झोप, सगळं आठवड्यागणिक नोंदलेलं होतं. बायकोला काही विचारायची जागा त्या फॉर्मवर नव्हती.

"काय झालं, ताई?" तिने सव्विसाव्या आठवड्यात पहिल्यांदा विचारलं.

अनुपमाने सगळं सांगितलं. मग ती नवऱ्याकडे वळली. "तुला नाही बोलले, कारण तू आईशी भांडला असतास. तुझं इकडे सगळं चांगलं चाललं होतं. आणि मी मनातून काय मागत होते बघ. माफ कर रे मला."

नितेशने रिपोर्टवरचा हात उचलला नाही.

"आईने मला आधी विचारलं होतं, अनू," तो म्हणाला. "तुला माहेरी पाठवू का म्हणून. मी म्हटलं, सहा महिन्यांचा रिपोर्ट येऊ दे."