काकूंनी घड्याळ फिरवलं

"आता काय दिसतंय, काकू?"

"तेच गं. गोल गोल फिरतं आणि मग लाल अक्षरं."

मुलीने फोन दुसऱ्या कानाला लावला. रात्रपाळी करून ती तशीच बसली होती. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. मागे पलंगावर बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

पक्षाघाताने त्यांची वाचा गेली आणि उजवी बाजूही. राहिला डावा हात, आणि त्या हाताखाली मोर्सची कळ, टिकटिक करून एकेक अक्षर पाठवायची. बाबा आणि मोठे काका पोरवयापासून हौशी रेडिओवाले. काका दुसऱ्या गावी राहत. क्लबचा रेडिओ टेकडीवर होता. सभासद घरच्या कॉम्प्युटरवरून व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटमधल्या बंद बोगद्यातून म्हणा ना, त्याला जोडून घेत. रोज सकाळी काकांची टिकटिक यायची आणि बाबा उत्तर द्यायचे. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी. मुलगीही ऐकून ऐकून शिकली होती. पण तिच्याशी बाबा 'पाणी' आणि 'नको' यापुढे जात नसत. बोलणं सगळं भावासाठी राखलेलं.

महिना होत आला, काकांकडून अवाक्षर नव्हतं. व्हीपीएन बिघडलंय, असं काकूंनी कळवलं होतं. तेव्हापासून बाबांनी जेवण टाकलं आणि हाताचा व्यायामही सोडला. डॉक्टर दारातच म्हणाले होते, "माणसानेच मन काढून घेतलं तर मी औषध कशाला देऊ?"

"पासवर्ड पुन्हा टाका, काकू. सावकाश."

"टाकला. बाई गं, हे कॉम्प्युटर म्हणजे सासूच. काही केलं तरी नाक मुरडतं."

"काकांना विचारा ना, आधी कसं लागायचं."

"त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय. पडद्याकडे बघायचंच नाही."

"मग फोनवर तरी द्या. दोन शब्द बोलते."

"फोन आणि तुझे काका! लग्नाआधी मला एकदा केला होता, तोही राँग नंबर म्हणून ठेवून दिला."

मुलगी हसली. हसतानाही जांभई आली.

तिने इंटरनेट बंद करून चालू करायला लावलं. प्रोग्राम काढून पुन्हा घालायला लावला. काकू न कंटाळता करत होत्या. लाल अक्षरं काही हटेनात.

"क्लबच्या सेक्रेटरींना फोन करू का? त्यांना कळेल."

"नको!" काकू जवळजवळ ओरडल्या. मग आवाज खाली आला. "त्यांचं वाजलंय गं क्लबशी. माहीत आहे ना, नाकावर माशी बसू देत नाहीत. तू उगाच मध्ये पडू नकोस."

"बरं. मग ती लाल अक्षरं मला एकेक करून वाचून दाखवा."

काकूंनी अडखळत वाचली. त्यात एक शब्द वेळेचा होता. मुलगी ताठ बसली.

"काकू, कॉम्प्युटरवर किती वाजलेत?"

"बरोबर आहे की. मीच लावलं. आधी भलतंच दाखवत होतं, म्हटलं भिंतीवरच्या घड्याळासारखं करावं."

मुलीने कपाळावर हात मारला. रेडिओवाले जगभर एकच वेळ पाळतात, ग्रीनिचची. काकांचा कॉम्प्युटर त्याच वेळेवर चालायचा. काकूंनी नुसते काटे फिरवले, आणि व्हीपीएनच्या लेखी तो कॉम्प्युटर काही तास चुकीच्या काळात जाऊन बसला. अशाला ते बोगद्यात कसं घेईल?

"अहो, त्या घड्याळाला काका कुणाला हात लावू देत नाहीत! ओरडले नाहीत?"

"नाही," काकू म्हणाल्या. "काही बोलले नाहीत."

घड्याळ पूर्ववत झालं. चक्र फिरलं, थांबलं आणि हिरवं झालं.

"लागलं! काकू, बसवा काकांना कळीशी."

"हो. हे काय, बसलेच."

फोन चालूच होता. बाबांच्या उशाशी ठेवलेल्या स्पीकरमधून थोडा वेळ खरखर आली. मग टिकटिक सुरू झाली. अडखळत, थांबत, एक अक्षर चुकून पुन्हा. कसा आहेस धाकट्या.

ऑपरेशनने काका थकलेले दिसतात, मुलीच्या मनात आलं.

भिंतीकडचं तोंड हळूहळू इकडे वळलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. जेवलास का. हात हलव रोज. पाणी पापण्यांतून कानाकडे ओघळलं. महिन्याभरात त्यांनी पहिल्यांदाच तोंड इकडे केलं होतं.

"पोचलं का गं?" फोनवर काकूंनी हळूच विचारलं.

"पोचलं, काकू. रडतायत. आनंदाने."

"बरं झालं बाई," काकू म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

ताट गरम करायला मुलगी उठली. तेवढ्यात बाबांचा डावा हात कळीवर सरकला. एरवी ते भराभर ठोकायचे. आज, नवशिक्याला समजावं इतकं सावकाश, एकेक अक्षर सुटं ठेवत, त्यांनी पाठवलं. मुलगी दारात थांबून ऐकत अक्षरं जुळवत गेली.

सावकाश वहिनी. घाई नको. दादा कधी गेला.