निरोगी कामगार

रुडी बार्टोशला पुरून सगळे चर्चच्या तळघरात जेवायला उतरले, तेव्हा कारखान्याच्या ऑफिसातली केंड्रा ‘वर्षातला सर्वांत निरोगी कामगार’ हा चषक घेऊन आधीच तिथे बसली होती. निकाल गेल्या महिन्यात लागला होता. रुडी या सोमवारी भट्टीपाशी कोसळला. चषकावर नाव कोरून झालं होतं, त्यामुळे तो दुसऱ्या कुणाला देता येत नव्हता.

“सगळ्यांत जास्त चालले ते, मिसेस बार्टोश,” केंड्रा रुडीच्या बायकोला म्हणाली. तिचे डोळे खरंच भरून आले होते. “अख्ख्या कारखान्यात. बर्फातसुद्धा एक दिवस चुकवला नाही.”

“हो, बर्फ आवडतो,” लोरेन म्हणाली आणि तिनं चषक हॅमच्या ताटाशेजारी ठेवला.

टेबलाखाली रुडी-लोरेनचा कुत्रा नूडल बसला होता. चर्चमध्ये कुत्र्यांना मनाई होती, पण तळघर चर्चमध्ये धरतात की नाही यावर पाद्रीबाबांनी आज मत दिलं नाही. नूडल त्या भागातला सर्वांत तंदुरुस्त कुत्रा होता. त्याच्या गळपट्ट्याला कारखान्यानं रुडीला दिलेली पावलं मोजायची पट्टी बांधलेली होती. रोज सकाळी ती लोरेनच बांधायची. भट्टीवर राहून रुडीची बोटं जाड झाली होती, त्याला ते बकल लावता येत नसे.

कुणाच्या तरी हातून हॅमचा तुकडा पडला. नूडल सगळ्या टेबलांखालून फेरी मारून आला आणि लोरेनच्या पर्समध्ये रुडीचा फोन वाजला. तिनं तो काढून बंद करायच्या आत केंड्रानं वाचलं: ‘शाब्बास, रुडी. आजची पावलं पूर्ण.’

केंड्रा फोनकडे बघत राहिली.

“सवयीचा माणूस होता,” लोरेन म्हणाली.

केंड्रा गेल्यावर रुडीचा धाकटा भाऊ विन्स येऊन शेजारी बसला. तोही त्याच भट्टीवर कामाला होता. जिना उतरून बराच वेळ झाला होता, तरी त्याच्या वरच्या ओठावर घाम होता.

“वहिनी, एक मागू? नूडलला थोडे दिवस माझ्याकडे देशील?” त्यानं खिशातून आपली पट्टी काढून दाखवली. “माझी पावलं भरत नाहीयेत. जिन्यातच दम लागतो.”

“मग डॉक्टरला दाखव.”

“सुट्टी कोण देतंय? पावलं भरली की माणूस निरोगी. निरोगी माणसाला डॉक्टरसाठी सुट्टी कशाला, म्हणतात. नाही भरली तर विम्याचा हप्ता वाढवतात, नि म्हणतात आधी चालून दाखव.” तो डावा दंड चोळत होता. “कारखान्यात नर्सबाई होती तेव्हा बरं होतं. आपण डबा खात असायचो, ती दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब बघायची. शिव्या घालायची, पण बघायची.”

“तिच्या खोलीत आता काय आहे?”

“पट्ट्या. चार्जिंगला.”

लोरेन त्याच्या दंडाकडे बघत होती. रुडीही तिथेच चोळायचा. ओझं उचलून दुखतंय म्हणायचा, आणि ती मलम लावून द्यायची.

“उद्या कामावर आहेस?”

“नाही. सुट्टी आहे.”

“कसली?”

“भाऊ गेल्याची.”

“मग उद्या डॉक्टरकडे जाऊ.”

विन्सनं जरा विचार केला. “रुडीच्या सुट्टीत?”

“तेवढीच देतात ना.”

तो हसायला लागला, आणि मध्येच थांबला. खाली नूडल दाराकडे बघून कुंईकुंई करत होता. लोरेन वाकली, गळपट्ट्यावरची पट्टी सोडवली आणि चषकात टाकली.

“मी आणतो फिरवून,” विन्स उठत म्हणाला. “कोपऱ्यापर्यंतच.”

“सावकाश जा.”

“ते त्याला सांग.”

तळघराला एकच खिडकी होती, छताला टेकलेली. तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. सकाळपासून कोण कोण आलं, हे स्वयंपाकाच्या बायका बुटांवरूनच ओळखत होत्या. लोरेन हॅम कापायला उभी राहिली, पण सुरी हातातच राहिली.

खिडकीतून नूडलचे चार पाय झपझप गेले. मागून त्याच्या गळपट्ट्याची दोरी गेली. गुंडाळीतून सुटत जाणारी दोरी होती ती, बरीच गेली.

विन्सचे बूट अजून आले नव्हते.