वाढदिवशी बाहेरगावी

दुपार झाली तरी पेपरच्या कचेरीत कोणी पाऊल टाकलं नव्हतं. संपादक तोरलाइफ पडदे ओढून केकसमोर बसला होता. आज ‘ग्रोसुंद पोस्ट’ शंभर वर्षांचा झाला.

"बस आता मुकाट्यानं," जाहिराती सांभाळणारी बूदिल म्हणाली. "हौसेनं छापलंस ना?"

छापलं होतं खरं. आमच्या फ्योर्डकाठी, म्हणजे डोंगरांमधल्या खाडीकाठी, कोणाची साठी, सत्तरी आली की पेपरात नाव येतं, आणि मग बोलावणं नसतानाही अख्खं गाव केक खायला हजर. ज्याला हा लोंढा नको, तो आधीच छापून टाकतो: ‘वाढदिवशी बाहेरगावी.’ जातबीत कुठे नाही. पडदे ओढून घरातच बसतो. गावाला ते ठाऊक असतं, पण बेल कोणी वाजवत नाही.

तोरलाइफनं काल पेपरच्याच नावानं तेच छापलं. खोटं पुरतं वठावं म्हणून आजचा अंकही काढला नाही. महायुद्धात जर्मनांनी छापखान्याला टाळं ठोकलं होतं ते दिवस सोडले, तर असं कधी झालं नव्हतं.

पेपरचे मालक ओस्लोत. त्यांचा माणूस फोनवर म्हणाला होता, "हल्ली तुमचा पेपर वाचतं कोण? शंभरीला किती माणसं येतात ते बघतो, मग बंद करायचा की नाही ते ठरवू."

तोरलाइफनं विचार केला: कोणीच आलं नाही तर? त्यापेक्षा आपणच नको म्हटलेलं बरं, निदान अब्रू तरी राहील.

कोणीच आलं नाही. अंक उशिरा आला म्हणून रोज भांडायला येणाऱ्या हाल्डिसबाईसुद्धा नाहीत. तोरलाइफला फार वाईट वाटलं.

शेवटी मालकांचा माणूस आला. त्यानं रिकाम्या खुर्च्या पाहिल्या आणि कोट न काढताच बसला.

"टॅक्सीवाला मला इकडे आणायलाच तयार नव्हता," तो म्हणाला. "म्हणे, पेपरवाले आज गावात नाहीत. फुलवालीनं फुलं दिली नाहीत, वाया जातील म्हणाली. बाहेर एक हाल्डिसबाई भेटल्या, त्या तर मला दारातूनच परत फिरवत होत्या."

बूदिलनं त्याच्यापुढे केक सरकवला.

"सगळे एकच विचारत होते," तो म्हणाला. "उद्या सकाळी परत येतायत ना ते?"